आईचं वय किती?

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेलं की सातपुड्यात मोलगी लागतं. भगर आणि आमचूर घेऊन आसपासच्या पाड्यांवरची माणसं इथल्या आठवडे बाजाराला येतात. घरात त्यांच्या भिल्ली भाषेच्या निरनिराळ्या बोली असतात, मराठी शाळेत भेटलेली असते आणि हिंदी बरीचशी पडद्यावरून कानावर पडलेली. अशा ठिकाणी बसून मालिका पाहणारी नजर पुण्या-मुंबईच्या नजरेसारखी असेलच असं नाही, आणि एका प्रश्नाच्या बाबतीत ती जास्त जाणती असावी असं मला वाटतं. सोळा-सतराव्या वर्षी पडद्यावर आलेली मुलगी पन्नाशीपर्यंत काम करत राहते, तेव्हा तिची वाढ कशात मोजायची, हा तो प्रश्न. त्याला मी दोन तोंडं दिली आहेत. एक आश्रमशाळेतले सर आणि दुसऱ्या अंगणवाडी सेविका असलेल्या ताई. दोघंही कल्पिलेली आहेत, कुणा एका माणसावर बेतलेली नाहीत. सर यासाठी, की वयात येणारी मुलं रोज त्यांच्यासमोर बसतात. ताई यासाठी, की वय हाच त्यांच्या कामाचा कच्चा माल आहे: जन्मनोंद, वजन, उंची, लसीची तारीख, गरोदर बाईचं वय. उदाहरण मात्र खरं आहे. ते सुप्रिया पिळगावकर यांचं, आणि त्यांच्या जोडीला रीमा लागूंचं, कारण एका मालिकेत या दोघी अशा समोरासमोर उभ्या राहिल्या की एकीबद्दल बोलताना दुसरीला वगळता येत नाही.

सर : ताई, सुप्रियाबाईंचं कौतुक मलाही आहे. १९६७ सालचा त्यांचा जन्म. १९८४ मध्ये सचिन यांनी दिग्दर्शित केलेला 'नवरी मिळे नवऱ्याला' आला, म्हणजे तेव्हा त्या जेमतेम सतराच्या. १९९४ मध्ये 'तू तू मैं मैं'मधली भांडखोर सून, २००८ मध्ये 'राधा की बेटियाँ कुछ कर दिखाएंगी'मधली तीन मुलींची आई, २०१० मध्ये 'ससुराल गेंदा फूल', आणि २०१६ मध्ये 'कुछ रंग प्यार के ऐसे भी'मधली ईश्वरी दीक्षित. किशोरवयीन नायिकेपासून प्रौढ स्त्रीपर्यंतचा रस्ता कसा असावा, हे दाखवायला याहून सरळ रेघ मिळणार नाही. माझी अडचण नेमकी हीच आहे. ही रेघ एकीच्या वाट्याला आली. बाकीच्यांच्या वाट्याला उडी येते. 'बालिका वधू' २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा अविका गौर अकरा वर्षांची होती. तिथे ती बालविवाहाची गोष्ट सांगत होती, ते ठीक. पण २०११ मध्ये 'ससुराल सिमर का' सुरू झाली, तेव्हा वयाच्या चौदाव्या वर्षात असलेली हीच मुलगी सासर-माहेरच्या मोठ्यांच्या गोष्टीत उभी राहिली आणि पुढे तिथली सून झाली. स्मृती इराणी 'क्योंकि सास भी कभी बहू थी'ची तुलसी झाल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. २००८ मध्ये ती मालिका थांबली तेव्हा त्या बत्तीसच्या आणि तुलसी आजी होऊन गेलेली. चौदा ते चोवीस ही वर्षं गायब, तीस ते पन्नास ही वर्षं गायब. टीव्हीला माणूस वाढलेला नको असतो. त्याला वेणी हवी असते, नाहीतर पांढरी बट हवी असते. मधलं आयुष्य जाहिरातींच्या वेळात संपून जातं. मग माझ्या नववीतल्या मुलीने ही एक सरळ रेघ पाहून काय शिकायचं?

ताई : उड्या आहेत, ते मी नाकारत नाही. पण सर, उडी कुणी मारली ते नीट पाहू या. रीमाबाईंचा जन्म जून १९५८ चा. 'मैंने प्यार किया' डिसेंबर १९८९ मध्ये आला तेव्हा त्या एकतीसच्या होत्या आणि ज्याच्या आई झाल्या तो सलमान खान चोवीसचा. सात वर्षांचं अंतर. त्याच्या आदल्या वर्षी 'क़यामत से क़यामत तक'मध्ये त्या जूही चावलाच्या आई झाल्या, तेव्हा तीसही पूर्ण नव्हती. पुढे १९९९ च्या 'वास्तव'मध्ये त्या संजय दत्तची आई आहेत, आणि संजय दत्त त्यांच्यापेक्षा तेरा महिन्यांनी लहान. ही सगळी उडी सिनेमाची आहे. आता त्याच वर्षांतला टीव्ही घ्या. १९९४ मध्ये 'श्रीमान श्रीमती' आली. तिथल्या कोकीला नवरा आहे, शेजारी आहे, स्वतःचा मत्सर आहे, स्वतःची फजिती आहे. ती आई आहे, पण गोष्ट तिच्या आईपणावर उभी नाही. त्याच वर्षी 'तू तू मैं मैं'ची देवकी. ती सासू आहे खरी, पण गोष्ट तिच्यावाचून एक पाऊलही हलत नाही. सिनेमा त्यांना दारात उभं करून मुलाची वाट पाहायला लावत होता, तेव्हा टीव्ही त्यांना भांडायला, खोटं बोलायला, रुसायला, हरायला देत होता. चेहऱ्यावर किती सुरकुत्या रंगवल्या ते मोजून वाढ कळत नाही. त्या बाईला गोष्टीत स्वतःसाठी काही हवं आहे का, आणि त्यापायी तिच्या हातून चूक होऊ शकते का, एवढं मी पाहते. ज्या दिवशी नटीला अशी बाई मिळते त्या दिवशी ती मोठी होते, मग तिचं वय सत्तावीस असो की सत्तेचाळीस.

ताईंचं हे म्हणणं या लेखाचंही म्हणणं आहे, पण ते इतक्या सहज मान्य करता येत नाही. 'तू तू मैं मैं'चंच गणित मांडलं तर सासू छत्तीसची आणि सून सत्तावीसची. नऊ वर्षांचं अंतर. शहरातल्या प्रेक्षकाला हा आकडा सांगितला की तो हसतो आणि मालिकावाल्यांना नावं ठेवतो. मोलगीच्या बाजूने पाहिलं तर हसू येत नाही. छत्तिसाव्या वर्षी घरात सून आलेली बाई सातपुड्यात नवलाची नाही. महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं, असं २०१९ ते २०२१ या काळातलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, आणि ही सरासरी साऱ्या राज्याची आहे. म्हणजे पडद्यावरची जी गोष्ट मुंबईत निव्वळ सोयीची खोटी वाटते, ती इथे कुणाच्या तरी घरातली असते. पण म्हणून ती योग्य ठरते असं मात्र नाही. ज्या बाईचं तारुण्य लग्नाने अर्ध्यावर कापलं गेलं तिला पडद्यावरही तसंच कापलेलं तारुण्य दिसावं आणि ते स्वाभाविक वाटावं, हा सरांच्या तक्रारीचा सगळ्यात धारदार भाग आहे. त्याचं उत्तर आकड्यांनी देता येणार नाही. ते कामातूनच द्यावं लागेल.

सर : मी तुमच्या मापाला आतूनच प्रश्न विचारतो. नटाने स्वतःच्या वयाबाहेर जायचं नाही तर अभिनय म्हणायचं कशाला? २३ डिसेंबर १९७० ला 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीसचे होते आणि त्यांनी उभा केला तो रंगभूमीवरून निवृत्त झालेला म्हातारा, गणपतराव बेलवलकर. तेव्हा कुणी वजाबाकी केली नाही. केशवराव दाते स्त्रीभूमिकांपासून सुरुवात करून पुढे १९३७ च्या 'कुंकू'मध्ये तरुण मुलीशी लग्न करणारे काकासाहेब झाले. त्यांचा तो विधुर आजही अंगावर येतो. आपली परंपराच अशी की नट कुठल्याही वयात जाऊन येतो. मग रीमाबाई एकतिसाव्या वर्षी आई झाल्या, याचं दुःख तुम्ही तरी का करता? तुमच्या तर्काने तो अभिनयाचा कस झाला. आणि तसं असेल तर सिनेमा आणि टीव्ही असा फरक तरी कशासाठी?

ताई : फरक जागेचा आहे. गणपतराव बेलवलकर नाटकाच्या मधोमध बसलाय. त्याच्या म्हातारपणावरच नाटक उभं आहे. काकासाहेबांचं वय हाच 'कुंकू'चा वाद आहे. शेवटी त्यांनाच स्वतःकडे पाहावं लागतं. इथे वय ओढून घेतलं म्हणजे भूमिका मोठी झाली. 'मैंने प्यार किया'मधल्या आईला वय दिलं आणि बाकी सगळं काढून घेतलं. अभिनयाचा कस दोन्हीकडे लागला असेल, पण एका ठिकाणी नटाला देणं आहे आणि एका ठिकाणी घेणं आहे. रीमाबाईंची ताकद त्यांच्या नाटकांत पाहा. बालपणी नयन भडभडे या नावाने कामं केलेली ही मुलगी, आई मंदाकिनी भडभडे स्वतः नटी, घरातच रंगभूमी. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये नाना पाटेकरांसमोर अंबिका, मग 'सविता दामोदर परांजपे'. ज्या वर्षांत सिनेमा त्यांना आई म्हणून पक्कं करायला निघाला होता त्याच्या थोडं आधी त्या रंगमंचावर अख्खं नाटक खांद्यावर घेत होत्या. टीव्हीने त्यातलं थोडं तरी परत केलं. २०१६ मध्ये 'नामकरण'मध्ये त्यांनी दयावंती मेहता केली, ती हुकमत गाजवणारी, कठोर आजी. मे २०१७ मध्ये त्या गेल्या तोवर त्या मालिकेचं काम चालू होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना गोड आई व्हावं लागलं नाही, ही टीव्हीची देणगी मी विसरणार नाही.

इथे बालगंधर्वांची आठवण होणं अटळ आहे, आणि ती सरांच्या बाजूने जाते की ताईंच्या, हे ठरवणं सोपं नाही. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिका त्यांनी विशी-तिशीत घडवल्या. १९३५ मध्ये 'धर्मात्मा'त त्यांनी एकनाथांची पुरुषभूमिका केली, पण प्रेक्षकांना आणि बहुधा त्यांनाही तीच जुनी रुक्मिणी हवी होती. ते पुन्हा स्त्रीभूमिकांकडे वळले आणि वय होऊन गेल्यावरही त्या करत राहिले. प्रेक्षकाचं प्रेम नटाला एका वयात बांधून ठेवू शकतं, याचा याहून मोठा दाखला मराठीत नाही. मालिकेतल्या किशोरवयीन नायिकेपुढेही हाच धोका असतो. रोज रात्री एकाच वेळी, एकाच वेशात, शेकडो भाग ती घरोघर दिसते. लोक तिला भूमिकेच्या नावाने हाक मारतात. आणि मग तिने वेगळं काही केलं की प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. मोलगीजवळच्या काठीची राजवाडी होळी या बाबतीत जास्त शहाणी आहे असं मला मनापासून वाटतं. तिथे मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि अंगावर रंगाची नक्षी घेऊन माणूस बावा होतो, बुध्या होतो, मोरखी होतो. त्यासाठी काही दिवस व्रत पाळतो, जमिनीवर निजतो. होळी झाली की व्रत सुटतं आणि तो माणूस पुन्हा आपल्या शेतावर जातो. भूमिका घ्यायची रीत आहे तशी ती उतरवायचीही रीत आहे. दैनंदिन मालिकेत घ्यायची रीत आहे, उतरवायची नाही. सुप्रिया पिळगावकरांच्या बाबतीत काय घडलं हे म्हणून बारकाईने पाहण्यासारखं आहे.

सर : ते मीच सांगतो, कारण तिथेच माझा दुसरा आक्षेप आहे. त्यांचा पहिला सिनेमा सचिन यांचा. १९८५ मध्ये दोघांचं लग्न झालं. 'अशी ही बनवाबनवी' सचिन यांची, 'तू तू मैं मैं'चं दिग्दर्शनही सचिन यांचंच, 'नवरा माझा नवसाचा'ही त्यांचाच, आणि २००५ मध्ये 'नच बलिये'चं पहिलं पर्वही दोघांनी मिळून जिंकलं. सचिन स्वतः १९६२ च्या 'हा माझा मार्ग एकला'पासून बालकलाकार. 'गीत गाता चल'चा कोवळा नायक पुढे २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये खाँसाहेब झाला, म्हणजे बालपणातून तरुणपणात आणि तिथून प्रौढपणात जायचा रस्ता या घराला पाठ होता. अशा घरात मुलीला वाढायला वेळ मिळतो. भूमिका उतरवायला सावली मिळते. ज्या मुलीला ना घरचा दिग्दर्शक, ना मुंबईत घर, तिला तुम्ही सुप्रियाबाईंचं नाव सांगणं म्हणजे ज्याच्याकडे बैल नाही त्याला नांगरटीचं तंत्र शिकवण्यासारखं आहे.

ताई : बैल होता, हे खरं आहे. पण शेत कुठलं नांगरलं तेही बघा. 'राधा की बेटियाँ', 'ससुराल गेंदा फूल', 'कुछ रंग प्यार के ऐसे भी', या तिन्ही घरच्या मालिका नाहीत. 'गेंदा फूल' रवी ओझांची, 'कुछ रंग' बियॉन्ड ड्रीम्सची. या निर्मात्यांनी त्यांना का घेतलं? माझ्या मते 'तू तू मैं मैं'मुळेच. विनोदी मालिकेत सून व्हायचं म्हणजे प्रत्येक भागात हरायचं आणि पुढच्या भागात पुन्हा उभं राहायचं. समोर रीमाबाईंसारखी नटी. संवादाची वेळ एका श्वासाने चुकली तर विनोद मेला. सहा वर्षं हे केल्यावर बाईच्या अंगात एक ताल येतो. 'कुछ रंग'मधली ईश्वरी बघा. गरिबीत, एकटीने मुलं वाढवलेली, मुलाला श्वासासारखं धरून ठेवणारी आई. मुलगा देव ज्या सोनाक्षीवर प्रेम करतो ती ईश्वरीच्याच आजारपणात आहार सांगायला घरात आलेली. दुसऱ्या कुणा नटीने ही आई एकतर देवी केली असती किंवा खलनायिका. सुप्रियाबाईंची ईश्वरी दोन्ही नाही. तिला मुलगा हवा आहे, अख्खा हवा आहे, आणि ते चूक आहे हे तिला अर्धवट कळतंही. ती रडते तेव्हाही तिच्या बोलण्यात जुन्या विनोदी मालिकेतला तो नेमका थांबा ऐकू येतो. भांडखोर सुनेत जे कमावलं ते प्रेमाने गुदमरवणाऱ्या आईत खर्च केलं. घरच्या आधाराने दार उघडलं असेल, पण आत जाऊन उभं राहायला हे कमावलेलंच लागतं.

सर : आणि तरीही ती आईच. सून, आई, सासू. तुम्ही 'गोष्टीच्या मधोमध' म्हणता, पण ती गोष्ट स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या बाहेर पडत नाही. प्रौढ पुरुषाला टीव्ही पोलीस करतो, वकील करतो, ठग करतो.

हा आक्षेप ताईंच्या मापाला खरोखर लागू पडतो, आणि त्यातला बराच भाग मान्यच करायला हवा. इच्छा असलेली, चुकणारी प्रौढ स्त्री टीव्हीने दिली. पण तिची इच्छा बहुतेक वेळा मुलाभोवती किंवा घराभोवती बांधली. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. 'राधा की बेटियाँ कुछ कर दिखाएंगी' या नावातच आईचं नाव पहिलं आहे, आणि तिथली राधा मेरठहून मुलींना घेऊन मुंबईत येते, त्या काहीतरी करून दाखवतील म्हणून. घर तिथेही आहे, पण उंबरठा ओलांडलेलं. त्याच मालिकेत तिची मुलगी झालेली रागिनी खन्ना दोन वर्षांनी 'ससुराल गेंदा फूल'मध्ये सुप्रियाबाईंच्याच पात्राच्या घरात सून होऊन आली. म्हणजे तरुण नटीला प्रौढ नटीसमोर सलग उभं राहायला मिळालं, जसं १९९४ मध्ये सुप्रिया यांना रीमाबाईंसमोर मिळालं होतं. टीव्हीवर नटी अशीच घडते: सासूसमोर सून म्हणून उभं राहून. घराच्या चौकटीची तक्रार करताना हे विसरू नये की हिंदी पडद्यावर दोन बायकांना समोरासमोर बसवून पंधरा-पंधरा मिनिटं बोलायला देणारी जागा फार थोडी होती, आणि त्यातली मोठी जागा या घरगुती मालिकाच होत्या. सुरेखा सिक्रींनी 'बालिका वधू'मधली दादीसा साठीत केली. कडक रूढी पाळणारी आणि हळूहळू बदलणारी ती आजी त्या मालिकेतल्या कुठल्याही तरुण पात्राहून अधिक प्रवास करते.

उडीचा मुद्दा मात्र वेगळा, आणि तिथे मी पूर्णपणे सरांसोबत आहे. उडी ही टीव्हीची गरज नाही, सवय आहे. इंग्लंडमध्ये 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली. पहिल्या भागात केन बारलो हा कॉलेजात शिकणारा कामगार घरातला मुलगा आहे. ती भूमिका करणारे विल्यम रोच तेव्हा अठ्ठावीसचे होते, आणि नव्वदी ओलांडल्यावरही तेच केन बारलो करत राहिले. तिथे नट आणि पात्र एकाच वेगाने म्हातारे झाले. कुणाला पांढरा रंग लावावा लागला नाही. आपल्याकडे याउलट 'उंच माझा झोका'सारख्या चांगल्या मराठी मालिकेत रमाबाई रानड्यांचं बालपण तेजश्री वालावलकरने केलं आणि मोठेपण स्पृहा जोशीने. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रमाबाईंची वर्षं खरोखर फार होती, आणि एकाच मुलीला ती सगळी देता येणं शक्य नव्हतं, म्हणून नटी बदलणं हा तिथे प्रामाणिक मार्ग होता. चौदा वर्षांच्या मुलीला साडी नेसवून मोठ्या बाईचं आयुष्य देण्यापेक्षा तो कितीतरी चांगला. स्मृती इराणी २०२५ मध्ये पुन्हा तुलसी होऊन आल्या तेव्हा त्या एकोणपन्नासच्या होत्या. चेहऱ्याला पात्राच्या जवळ पोहोचायला पंचवीस वर्षं लागली. तोपर्यंतची तुलसी पावडरीने म्हातारी केलेली होती.

सर : मग सांगा, कुठल्या अटीवर तुम्ही आपल्या पोरींना हे दाखवणार? नियम आहेत हे मला माहीत आहे. २०१७ मध्ये बालकामगार कायद्याचे नियम बदलले तेव्हा बालकलाकाराला दिवसाला पाच तासांवर काम देऊ नये, विश्रांतीशिवाय तीन तासांवर नको, सलग सत्तावीस दिवसांवर नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि कमाईतला निदान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जावा, असं लिहिलं गेलं. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे चांगलं आहे. पण बँकेतली ठेव मोठी झाली म्हणून मूल मोठं होत नाही. पाच तास कॅमेऱ्यासमोर कुठलं वय जगायला लावलं, हे कुठल्या नियमात बसतं?

ताई : नाही बसत. म्हणूनच मी नियमापेक्षा गोष्ट पाहायला सांगते. अंगणवाडीत मूल आणलं की आधी आम्ही वजन घेतो, उंची घेतो आणि वयाशी ताडून बघतो. वयाला वजन कमी पडलं की लाल रेघ. पडद्यावरच्या मुलीसाठीही मी तसंच करीन. तिच्या वयाला न पेलणारं आयुष्य तिच्यावर लादलंय का? लादलं असेल तर तिचं काम कितीही गोड असो, लाल रेघ. पण सतराव्या वर्षी 'नवरी मिळे नवऱ्याला'सारख्या हलक्याफुलक्या गोष्टीत मुलगी हसते-खेळते, सत्ताविसाव्या वर्षी सासूशी भांडायला शिकते, एक्केचाळिसाव्या वर्षी मुलींना घेऊन गाव सोडते, एकोणपन्नासाव्या वर्षी मुलाला सोडता न येणारी आई होते. प्रत्येक वेळी वयाला वजन बरोबर. ही रेघ दुर्मीळ आहे हे तुम्ही म्हणालात, ते खरं आहे. कुपोषणाच्या गावातही एखादं मूल नीट वाढतं. त्याला आम्ही अपवाद म्हणून सोडून देत नाही. त्याच्या आईला काय खाऊ घातलंस म्हणून विचारतो.

सर : ठीक आहे. मग असं करतो. सोमवारी नववीच्या वर्गात फळ्यावर सहा जन्मसालं लिहितो. रीमाबाई १९५८, संजय दत्त १९५९, सलमान १९६५, सुप्रियाबाई १९६७, स्मृती इराणी १९७६, शाहीर शेख १९८४. कारण 'कुछ रंग'मध्ये देव तोच आहे. कोण कुणाची आई, कोण कुणाची सून, ते बाणांनी जोडतो आणि मुलींना वजाबाकी करायला सांगतो. सात, एक, नऊ, सतरा. मग त्या खाली आपापल्या आईचं आणि आपलं जन्मसाल लिहितील आणि तीच वजाबाकी करतील.

ताई : कराच. पण एक लक्षात ठेवा, त्यांच्या आयांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख विचाराल तर निम्म्या वर्गाची १ जून निघेल, कारण प्रवेश घेताना मास्तरांनी तीच घातली होती. सालही अंदाजाने लिहिलेलं. आईचं खरं वय काढायचं असेल तर मुलींना घरी पाठवा. आईला विचारा म्हणावं, तू लग्न करून आलीस तेव्हा कुठली होळी होती, आणि मी झाले तेव्हा कुठला पाऊस.